राहिलेली वीस पानं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. म्हणजे सोलत मी होतो, ती मोठ्यानं वाचून दाखवत होती. थंडीत आमच्या बडोद्यात कोवळ्या तुरीचे ढीग लागतात. त्यातल्या दाण्यांना इथे लीलवा म्हणतात, आणि तिला त्याची कचोरी करायची होती. सुभानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या ओट्यावर दुपारचं ऊन येतं. मी खाली परात घेऊन, ती खुर्चीत पुस्तक घेऊन. मी निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं हेच चाललं होतं.

पुस्तकं ती रावपुऱ्यातल्या वाचनालयातून आणायची. तिला एकच जात आवडायची. खून असायचा, पण रक्त फार सांडायचं नाही. गाव लहान, माणसं एकमेकांकडे चहाला जाणारी, आणि मधेच थोडी जादू. कवट्या, हडळी असलं नाही. घरगुती जादू. या पुस्तकात घाटावरच्या गावातली एक शिंपीणबाई होती. कोणाच्या कपड्यात तिनं सुई टोचली की, तो अंगात असताना त्या माणसाला शेवटचं काय वाटलं होतं ते तिला कळायचं. गावचा पोस्टमास्तर विहिरीत मेलेला सापडला होता आणि त्याचा कोट गायब होता.

मी चौथी शिकलो, तीही मास्तरांनी पुढे ढकलला म्हणून. वर्गात मोठ्यानं वाचताना अडखळायचो आणि पोरं हसायची. त्यानंतर मी कोणासमोर मोठ्यानं वाचलं नाही. पेपर वाचतो, मनातल्या मनात, बोट ठेवून.

पण शिंपीणबाईची सुई मला लगेच पटली. मी कारखान्यात फिटर होतो. बेअरिंग बिघडलंय का ते बघायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाला. आत कुठं खरखर आहे ते साफ ऐकू येतं. वाचताना बायकोला वाटलं होतं मी हसेन. मी म्हणालो, "बरोबर आहे. वस्तू सांगतात. ऐकणारा पाहिजे." नवल मला वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. कागद एवढासा, शाई एवढीशी, आणि ती वाचायला लागली की त्या विहिरीचा गारवा माझ्या पायांना लागायचा. भर उन्हात. आयुष्यभर मी यंत्रं खोलून बघितली, कसं चालतं ते कळलं. हे कसं चालतं ते मला आजही कळलेलं नाही.

आमचा एक नियम होता. शेवटचं प्रकरण उघडायच्या आधी दोघांनी खुन्याचं नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. बारा वर्षांत मी एकदाही जिंकलो नव्हतो.

त्या दुपारी शेवटची वीस पानं राहिली होती. ती म्हणाली, "माझं ठरलं. पोस्टमास्तरची बहीण."

"ती? ती तर सगळ्यांना चहा विचारत फिरते."

"म्हणूनच. जिच्या घरात मयत झालंय ती बाई साखर किती घालू म्हणून विचारेल का? आणि कोट लपवला कोणी? ज्याला सुईचं ठाऊक होतं त्यानं. ते त्या बहिणीलाच ठाऊक आहे. तुमचं काय, मेव्हणाच ना?"

"मेव्हणा आहेच पुस्तकात."

"दर पुस्तकात तुम्ही मेव्हणाच धरता. तुमचा मेव्हणा म्हणजे माझा भाऊ. काय वाकडं केलंय त्यानं तुमचं?"

पण माझ्या डोक्यात विहिरीचा रहाट होता. मागे एका पानावर त्याला नवं तेल दिल्याचं आलं होतं. तेल कोण देतो? ज्याला आवाज नको तो. या खेपेला मी जिंकणार असं मला वाटायला लागलं.

"वीस तर पानं आहेत, उरकून टाकते," ती म्हणाली.

"थांब. मला विचार करू दे. उद्या वाच."

"घ्या बाई वेळ," म्हणून तिनं पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला आत गेली.

पाचच्या सुमाराला छातीत दाटलंय म्हणाली. गल्लीतला डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती.

मुलगी पुण्याहून सकाळी पोचणार होती, म्हणून रात्रभर देह घरातच ठेवला. लोक आले, बसले. माझ्या मनात एकच डाचत होतं. मी थांब म्हणालो. मी थांब म्हणालो म्हणून खुनी कोण ते न कळताच ती गेली. मोठमोठी दुःखं बाजूला राहिली आणि हे रुतून बसलं. त्याला काय करू?

सकाळी उजाडल्यावर मेव्हणीनं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीनं, माझ्या हातात गीता दिली. "भावजी, एखादा अध्याय वाचा. बरं असतं."

मी गीता कपाळाला लावून परत दिली. उठलो, ओट्यावरनं पुस्तक आणलं आणि तिच्या उशाशी बसलो.

"अहो भावजी, हे काय? लोक काय म्हणतील?"

"गीता तिला पाठ होती," मी म्हणालो. "हे तिला ठाऊक नाही."

मग नियमाप्रमाणं आधी तिला नाव सांगितलं, "मेव्हणा." आणि पान उलटलं.

मला वाचता येत नव्हतंच म्हणा. जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. एक ओळ दोनदा वाचली, एक गाळली, परत मागे आलो. आवाज माझा रुक्ष, तिच्यासारखे वेगवेगळे आवाज काढायला मला कुठं येतात! पण चौथ्या-पाचव्या पानाला खोलीतली कुजबुज थांबली. कोणी हसलं नाही. आणि काय सांगू, ती विहीर आली. माझ्या अडाणी तोंडातूनसुद्धा आली. पायाला गार लागलं. मला वाटत होतं ते सगळं तिच्या गळ्यात आहे. ते कागदात होतं, आणि तिनं रोज उठून ते माझ्यासाठी बाहेर काढलं होतं.

कोट पिठाच्या कोठीत सापडला. शिंपीणबाईनं सुई टोचली. तिला वाटलं भीती सापडेल. तर पोस्टमास्तरला आनंद झाला होता. बहीण इतक्या दिवसांनी आपणहून भेटायला आली म्हणून.

तिथं मला पुढं वाचवेना. शेजारची गुजराती बेन दाराशी बसली होती, डोळे पुसत पुढं काय झालं म्हणून विचारू लागली, "पछी, काका? पछी शुं थयुं?" मेव्हणीनं तिच्याकडे डोळे वटारले. पण मग तीच हळूच म्हणाली, "वाचा भावजी. संपवा."

रहाटाला तेल मेव्हण्यानंच दिलं होतं, पण कुरकुर ऐकून त्याची झोप मोडायची म्हणून. मारलं बहिणीनं.

मी वाकून तिला सांगितलं, "तुझं बरोबर. बहीणच."

खुनी धरल्यावरही पुस्तकात तीन पानं होती. त्यांत काही घडत नाही. गावातली माणसं ओसरीवर बसतात, कोणाच्या झबल्याला बटणं लावायची राहिलीत त्यावर बोलतात. असली पानं ती कधी गाळायची नाही. बाहेर रिक्षा थांबली, मुलगी आली असं कोणीतरी म्हणालं. मुलगी आत आली आणि आईच्या पायाशी बसली. मी वाचत राहिलो. तीनही पानं वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग उठलो आणि आंघोळ घालायला बायकांना जागा करून दिली.