खोब्रागडे सरांचे पडीत

प्रा. हिरामण खोब्रागडे सरांची आणि माझी पहिली भेट एका जळालेल्या स्टॅबिलायझरमुळे झाली. जपान-कोरियात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा सुरू होणार होती, मे महिना संपत आला होता आणि आमच्या सावली गावात व्होल्टेजचा खेळ चालला होता. ऊर्जानगरच्या एका ठेकेदाराकडे पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायला शिकून मी नुकतेच इथे स्वतःचे दुकान टाकले होते. सर सायकलच्या कॅरियरला टॉवेलात बांधून स्टॅबिलायझर घेऊन आले. कॉलेजात वाणिज्य शिकवणारे प्राध्यापक म्हणून मी त्यांना तोंडओळखीने जाणत होतो.

"चार वाजेपर्यंत होईन का?"

"उद्या या सर. रांग लागली आहे."

"उद्या सेनेगल नाई खेळत."

सेनेगल हे शेजारच्या मूल गावाच्या पुढचे एखादे गाव असावे असे मला वाटले आणि मी तसे विचारलेही. सर हसले नाहीत. "फार पुढे," एवढेच म्हणाले. मग माझे नाव विचारले. मी म्हणालो, भास्कर चलाख. "आडनावच चलाख! मंग तर चार वाजता होईनच."

झाले. मी स्वतःच ते सरांच्या घरी नेऊन टीव्हीला लावून दिले, सामना सुरू झाला आणि उठायचे विसरलो. सरांच्या पत्नी सुमनबाईंनी चिवड्याची ताटली माझ्याही पुढे ठेवली. फ्रान्स जगज्जेता होता आणि सेनेगल पहिल्यांदाच स्पर्धेत उतरला होता. सेनेगल जिंकला. मी टाळ्या वाजवल्या, सरांनी वाजवल्या नाहीत. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. जाताना मला म्हणाले, "चलाखभाऊ, हे पोरं फ्रान्ससारखे खेळले असते तर हारले असते. धंद्यात हेच ध्यानात ठेवा. मोठ्याची नक्कल केली की मोठाच जिंकते."

सरांच्या साऱ्या विद्वत्तेचा गाभा या वाक्यात आहे, असे मी आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने म्हणेन. सरांनी आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला. व्यवसायाची रणनीती म्हणून पुस्तकांत जे शिकवतात, ते देशादेशांतल्या फुटबॉलला लावून पाहिले तर लहान देश मोठ्या देशांसमोर कसे उभे राहतात ते कळेल का? आणि ते कळले तर सावलीतल्या दुकानदाराला, धान पिकवणाऱ्याला त्याचा उपयोग होईल का? निवृत्तीनंतर माझ्या दुकानाच्या अंगणात त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. फी नव्हती, हजेरी नव्हती. बसायला जुन्या मोटारींचे खोके असायचे.

त्या वर्गात एकदा त्यांनी सांगितले की, जिथे कोणीच स्पर्धक नाही अशा बाजाराला इंग्रजी पुस्तकांत निळा समुद्र म्हणतात. सरांनी आमचे चेहरे पाहिले. "समुद्र कोणी पाह्यला इथी? राहू द्या. पडीत म्हणा. ज्या जमिनीत कोणाचा नांगर नाई, ते पडीत." मग त्यांनी आइसलंडचे उदाहरण दिले. आपल्या चंद्रपूर शहराएवढी वस्ती असलेला देश. चेंडू रेषेबाहेर गेला की तो हाताने आत फेकतात. बाकीचे देश हे काम उरकून टाकायचे. आइसलंडने त्याचाच सराव केला, थेट गोलच्या तोंडाशी चेंडू फेकायला शिकले आणि इंग्लंडला घरी पाठवले. "सगळे मैदानाच्या मधी नांगर घालून राह्यले होते. यांनी धुऱ्याजवळचं, काठावरचं पडीत वाह्यलं."

तेव्हापासून 'पडीत' हा आमच्या वर्गाचा शब्द झाला.

माझ्यापुरते सांगायचे तर या शब्दाने मला तारले. गावात पंपांचे मोठे चकचकीत दुकान आले आणि मीही तसेच दुकान मांडायला निघालो. सरांनी मला थांबवले. म्हणाले, "तुमचं पडीत तुमच्या डोक्याच्या दोन बाजूले आहे." मला कळेना. "कान हो, कान! मोटार चालू केल्याबरोबर तुम्ही बेअरिंग गेलं का वायंडिंग गेलं ते सांगता. हे त्या दुकानात कोणाले येते?" त्या पावसाळ्यापासून शेतकरी धानाच्या बांधीवरूनच फोन लावून मोबाइल मोटारीजवळ धरतात आणि मी आवाज ऐकून काय घेऊन यायचे ते ठरवतो. आज माझ्या हाताखाली नऊ माणसे आहेत.

सर चुकत नसत असे नाही. ब्राझीलमधल्या स्पर्धेत घरच्या मैदानाचे बळ यावर त्यांनी आम्हाला दोन रविवार शिकवले आणि ब्राझीलने घरच्या मैदानावर सात गोल खाल्ले. पुढच्या रविवारी सर येणारच नाहीत, अशी वर्गात पैज लागली होती. सर नेहमीपेक्षा लवकर आले. "आज माझं काऊन चुकलं ते शिकू," म्हणाले, आणि पूर्ण दीड तास स्वतःचीच चूक सोलून दाखवली. मी पुष्कळ हुशार माणसे पाहिली आहेत. आपली चूक धड्यासारखी शिकवणारा दुसरा माणूस पाहिला नाही.

आणि त्यांची माया! माझे वडील वारले तेव्हा ऐन हंगाम होता. मी गावी होतो आणि दुकानाला कुलूप लावा असे सांगून गेलो होतो. परत आलो तर सर गल्ल्यामागे बसलेले. तीन दिवस त्यांनी येणारी प्रत्येक मोटार उतरवून घेतली होती आणि सुंदर अक्षरात चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्यांना मोटारीतले ओ की ठो कळत नव्हते. एका चिठ्ठीवर लिहिले होते, 'घसा बसला आहे'. दुसरीवर, 'चालते पण मनापासून नाही'. सुतकात हसू नये म्हणतात. मी त्या चिठ्ठ्या वाचून हसलो आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी रडलो.

आता पुढचे लिहितो ते सुमनबाईंची परवानगी घेऊन.

सरांचे शब्द चालले आहेत. डॉक्टर त्याला विस्मरणाचा आजार म्हणतात. तो मला सगळ्यांच्या आधी ऐकू आला होता, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. मोरोक्को उपांत्य फेरीत गेला त्या आठवड्यातली गोष्ट. सर शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, "तो... तो वाळूवाला देश." वर्ग हसला. सरांची गंमत म्हणून हसला. मला हसू आले नाही. चालत्या मोटारीत बारीकशी करकर लागावी, तशी ती थांबण्याची जागा मला लागली. पण मी कोणालाच काही बोललो नाही, बाईंनाही नाही. मोटारीच्या बाबतीत मी असा गप्प बसत नाही.

सरांनी वर्षानुवर्षे जाड रजिस्टरांत लिहिलेले पुस्तक एका प्रकरणाने अपुरे होते. त्या प्रकरणाचा मथळा तेवढा तयार होता: 'सगळ्यांनी पडीत वाहायला घेतल्यावर'. लहान देशाची युक्ती जगाने उचलली की त्या लहान देशाने काय करायचे? सगळ्या पुस्तकाचे उत्तर तिथे येणार होते. पंचाहत्तरीसाठी जमलेल्या आमच्या गौरव समितीने ठरवले की या गौरवग्रंथासोबत सरांचे पुस्तकही यावे, आणि शेवटचे प्रकरण सरांच्या तोंडून काढून घेण्याचे काम माझ्याकडे आले. "तुमचा कान आहे भास्करभाऊ," सगळे म्हणाले. मलाही ते पटले. खरे सांगायचे तर फार पटले.

मी दर रविवारी दुपारी वही घेऊन जाऊ लागलो. कधी सर दोन वाक्ये सलग बोलत. कधी पाण्याला 'रेफरी' म्हणत आणि आपणच ओशाळत. मी म्हणे, "काही हरकत नाही सर, पुढे?" 'पुढे' हा शब्द मी त्या महिन्यांत किती वेळा उच्चारला असेन!

एका रविवारी सर खुर्चीत बसले होते. मी मथळा वाचून दाखवला. मग ते म्हणाले, "पडीत."

मी पेन उघडले. "हो सर, पडीत. कोणते पडीत?"

"पडीत..."

"म्हणजे नवीन पडीत शोधायचे? की जुनेच राखायचे?"

"पडीत. पडीत!" सरांचा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, उत्तर ओठावर आले आहे. मी भराभर लिहू लागलो. दोन पाने लिहिली. त्यांच्या एका शब्दावर माझीच वाक्ये रचत गेलो. सरांनी हात पुढे करून माझे पेन धरले. मला वाटले, त्यांना स्वतः लिहायचे आहे.

आतून बाई आल्या.

"भाऊ, काऊन छळून राह्यले त्याईले? 'पडतो' म्हणून राह्यले ते. पाठ टेकाची आहे त्याईले. केव्हाचे म्हणून राह्यले!"

फोनवरून मोटारीचे बेअरिंग ओळखणारा माझा कान. थकलेला माणूस 'आता जरा पडतो' म्हणत होता आणि मी त्यातून रणनीती काढत बसलो होतो. कानात दोष नव्हता. मला जे ऐकायचे होते ते मी ऐकले.

आम्ही दोघांनी सरांना पलंगावर नेले. चादर घालेपर्यंत त्यांना झोप लागलीही. बाई दारापर्यंत आल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागले.

"एक विचारू, भाऊ? हे पुस्तक त्याईचं आहे का तुमचं?"

घरी येऊन ती दोन पाने फाडली.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी सांगितले की, शेवटच्या प्रकरणाचा मथळा छापा आणि खाली पान कोरे सोडा. एक सदस्य म्हणाले, "पण लोक म्हणतील, पुस्तक अर्धवट आहे." मी म्हणालो, म्हणू द्या. ज्यांनी आपली चूक दीड तास उभे राहून शिकवली, त्यांच्या नावावर माझे शब्द खपवण्यापेक्षा ते बरे. शेवटी सगळ्यांनी मान्य केले. हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा ते कोरे पानही पडेल. सरांचे उत्तर आता आपल्याला मिळणार नाही. ज्यांना हवे त्यांनी आपापले शोधावे.

अजूनही मी रविवारी जातो. वही नेत नाही. सर कधी मला ओळखतात, कधी नुसतेच पाहतात. माझे नाव आता त्यांच्याकडे नाही. मी बाजूला बसून राहतो.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची रीत आहे. सर, तुमच्यासाठी ते मागताना माझी जीभ अडखळते, कारण त्या वर्षांचे ओझे बाईंच्या खांद्यावर किती आहे ते मी पाहतो. तरी मागतो, कारण तुम्ही नसलेली सावली मला मागवत नाही. तुम्हाला पुष्कळ वर्षे मिळोत. त्या वर्षांत अंग दुखू नये, बाईंची सोबत सुटू नये. आणि जेव्हा जेव्हा तुम्ही 'पडतो' म्हणाल, तेव्हा समोरच्या माणसाने उठून आधी उशी नीट करावी.