मराठीत क-२, म्हणून कानडी बंद

मंडळी, आत्ताच मुरुमच्या दवाखान्यातून आले. लई हलकं वाटतंय.

आमच्या गौरीला मराठीत क-२ श्रेणी मिळाली. सासरी सगळे कानडी बोलतात, त्यानंच पोरीची मराठी कच्ची राहिली, असं समजून मी तिचं कानडी बंद केलं होतं.

आज एक आजी डॉक्टरांना कानडीत काहीतरी विनवत होत्या. माझं माहेर तेर, तिकडं कानडी नाही; डॉक्टरांना कळेना, मलाही कळेना. गौरीच उठली, आजींशी कानडीत बोलली आणि डॉक्टरांकडं वळली. "डॉक्टर, मागं ह्याच इंजेक्शननं त्यांना चक्कर आली होती."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "किती स्वच्छ मराठी बोलतेस गं!"

बाहेर येऊन गौरीनं हळूच विचारलं, "आई, मी कानडी बोलले. रागावलीस?"

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, "घरी चल, तुझ्या आजीशी कानडीत पोटभर बोल."