गिरणीच्या संघासाठी दोन मुलं

"कोन बोललं?"

एवढे दोनच शब्द विचारून काका डोक्यावरची काळी टोपी काढत, तिच्यात डोकावून बघत आणि आत कोणी काही ठेवलेलं नाही अशी खात्री झाल्यावर ती पुन्हा डोक्यावर चढवत. तेवढ्या वेळात समोरचा माणूस गडबडून जाई. ज्या खेळाडूची तो इतका वेळ तारीफ करत होता, त्याचा खेळ आपण स्वतः पाहिला की नुसता ऐकला, हे त्याचं त्यालाच आठवेनासं होई.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. नाव छापणाऱ्याला आपल्याकडून काय हवं आहे, याचा शोध घेत ते थेट छापखान्यापर्यंत गेले असते.

वसईच्या होळी बाजाराच्या मागे त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. मी परळच्या एका कापडगिरणीत कारकून होतो, आठवडाभर तिकडे राहायचो आणि रविवारी वसईला घरी असायचो. त्या गिरणीचा फुटबॉलचा संघ होता. पन्नास सालच्या आसपासच्या त्या दिवसांत गिरण्या, रेल्वे, बँका असे सगळेच संघ बाळगून होते. खेळण्याचा पगार कोणी देत नसे. खेळाडूला कुठल्यातरी खात्यात नोकरी दाखवत आणि पावसाळाभर तो मैदानावर असे. काकांचा आमच्या गिरणीशी काडीचा संबंध नव्हता. ते कधीतरी केळी विकायला मुंबईला गेले, पावसात अडकले, आडोसा शोधत मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि आमचा संघ तीन गोलांनी हरताना त्यांनी पाहिला. तेव्हापासून ते आमचे झाले. हरणाऱ्या संघावर कोणाचा जीव जडतो का? आम्हाला बरेच दिवस याचाही संशय होता.

रविवारी आम्ही इनास शिंप्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर जमायचो. इनास स्वतः तरुणपणी गोलकीपर होता आणि आता चर्चला जाणाऱ्यांचे सूट शिवायचा. दर उन्हाळ्यात आमच्यापुढे एकच विषय असे: यंदा गिरणीने कॉलेजातली कोणती दोन मुलं घ्यावीत? ही नुसती ओट्यावरची बडबड नव्हती. संघ सांभाळणाऱ्या साहेबांना फुटबॉलपेक्षा दुपारची झोप प्रिय होती. ते मला बोलावून विचारत, तुमच्या वसईकरांचं काय म्हणणं आहे? सामन्याला जास्त करून वसईचेच कामगार येत, त्यामुळे त्यांच्या मनासारखं केलं की शिव्या कमी पडतात, एवढं साहेबांना कळत होतं. मी दोन नावांची चिठ्ठी नेई आणि बहुधा तीच मुलं घेतली जात. मुलाला गिरणीत कायमची नोकरी लागे. म्हणजे इनासच्या ओट्यावर पाय पसरून आम्ही कोणाच्या तरी घराची सोय लावत होतो किंवा मोडत होतो, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते फारसं जाणवत नव्हतं.

जाणवत होतं ते फक्त काकांना. म्हणूनच ते सोयरीक जुळवण्याआधी मुलाची माहिती काढावी तशी खेळाडूंची माहिती काढत. एकदा मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजच्या सेंटर फॉरवर्डचं नाव आमच्यात तिघांनी घेतलं. काकांनी तिघांनाही तोच प्रश्न विचारला, टोपीत पाहिलं आणि ते उठून गेले. पुढचे तीन रविवार ते त्या तारिफेचा माग काढत होते. चौथ्या रविवारी येऊन त्यांनी सांगितलं की ती सगळी तारीफ एकाच तोंडातून निघाली आहे आणि ते तोंड मुलाच्या बहिणीच्या सासऱ्याचं आहे. नाव बाद झालं. तो मुलगा पुढे दुसऱ्या संघात गेला आणि पूर्ण पावसाळ्यात त्याने एक गोल केला, तोही आपल्याच बाजूला. आम्ही काकांना चहा पाजला. तो पिण्याआधी त्यांनी विचारलं, "आज काय हाय?"

त्यांची परीक्षा करायची रीत वाडीतली होती. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, त्यांतलं लावायला कुठलं घ्यायचं हे त्यांना नेमकं कळे. रुंद पानांचं टवटवीत पील ते काढून टाकत. ते दिसायला छान असतं पण त्याला खाली जोर नसतो. अरुंद, पात्यासारख्या पानाचं, दिसायला गरीब पील ते ठेवत. माणसांनाही ते तोच न्याय लावत. केसांचा भांग नीट असला की मुलगा गेला. बूट नवे असले तर म्हणत, "झिजले नाय, म्हंजे बसून असतो." एकदा यात त्यांची फजिती झाली. त्या मुलाचे जुने बूट चोरीला गेले होते म्हणून त्याने नवे घेतले होते, आणि त्याने रेल्वेकडून खेळताना आम्हाला दोन गोल मारले. काकांनी ते मान्य केलं नाही. बूट चोरीला गेल्याचं त्याला कोणी सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं.

बरं, ज्याची कोणीच तारीफ करत नाही असा मुलगा तरी त्यांना चालावा. पण त्याच्याबद्दल ते म्हणत, "एवढ्या मोठ्या कॉलेजात याला एक मानूस चांगला बोलत नाय? काय तरी हाय."

दोन-तीन वर्षांत आम्ही सगळे त्यांच्यासारखे झालो. तुम्ही अशा माणसाजवळ बसला असाल तर तुम्हाला कळेल. त्याची खोड लागते. आधी आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. मग हसू गेलं आणि नक्कल राहिली. ओट्यावर कोणी एखादं नाव घेतलं की बाकीचे त्याच्याकडे असे बघत जणू त्याच्या खिशात काहीतरी आहे. इनासला त्याच्या धाकट्या मेव्हण्याने एक नाव सुचवलं तर त्याने मेव्हण्याशी महिनाभर धड बोलणं ठेवलं नाही. आम्हाला वाटायचं, आम्ही हुशार होत चाललो आहोत.

अशातच एका उन्हाळ्यात काका स्वतःहून बोलले. त्या वर्षीचं पहिलं नाव ठरलं होतं, एका गोलकीपरचं. दुसऱ्या जागेसाठी मुंबईचा एक हाफबॅक जवळजवळ पक्का होत आला होता. काका म्हणाले, "एक नाव हाय. सांडोरचा पास्कू. लेफ्ट आउट खेळतो, अनवानी."

इनासच्या हातातली कात्री थांबली. मग तोच म्हणाला, "कोण बोललं?"

"मी बोललो," काका म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाचंही नाव सुचवलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात कॉलेजांच्या सामन्यांत त्यांनी या मुलाला चार वेळा पाहिलं होतं आणि आठ महिने ते गप्प राहिले होते. त्याच्याबद्दल काय सांगू नि काय नको असं त्यांना झालं होतं, पण सवय नसल्यामुळे त्यांना ते जमेना. मुलगा कोपऱ्यातून बॉल कसा आत घालतो हे त्यांनी ओट्यावर उठून पाय झाडून दाखवलं आणि त्यांचं धोतर सुटता सुटता राहिलं. आम्ही हसलो नाही. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो, त्यांनीच शिकवलं होतं तसं.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौकशी केली. चौकशी करायची रीतही त्यांचीच. आमच्यातला एकजण भाजीसाठी नेहमी शेजारच्या सांडोर गावी जाई. त्याने बातमी आणली की पास्कूची आई विधवा आहे, दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करते आणि काकांना तिच्या दारात दोनदा पाहिलेलं आहे. दुसऱ्या खेपेला तर त्यांच्या खांद्यावर केळीचा अख्खा घड होता. मग काय, आम्हाला सगळं समजलं. जो माणूस शेजाऱ्याला केळ्यांची एक फणी देताना मागचापुढचा विचार करतो, तो एका विधवेच्या दारात घड घेऊन जातो. कोणी म्हणालं, जुनं काही असेल. कोणी म्हणालं, मुलगा चालतोसुद्धा त्यांच्यासारखाच. हे ज्याने म्हटलं त्याने मुलाला पाहिलेलं नव्हतं. तो मीच होतो.

रविवारी इनासने सरळ विचारलं, "काका, तो पास्कू तुमचा कोण लागतो?"

"कोन नाय."

"मग घड कशाला?"

काकांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते टोपी काढतील. त्यांनी काढली नाही. "तुमी पोराचा खेळ बघा," ते म्हणाले, "बाकी सोडा." पण बाकी सोडून नुसता खेळ बघणं हे आम्हाला कोणी शिकवलं होतं? त्यातून कॉलेजांचे सामने आता पावसाळ्यापर्यंत नव्हते, आणि चिठ्ठी मला सोमवारी न्यायची होती. पास्कूचं नाव मी चिठ्ठीत गोलकीपरच्या नावाखाली लिहून ठेवलं होतं, ते सगळ्यांदेखत खोडलं आणि वर हाफबॅकचं लिहिलं. काका ओट्यावरून उतरले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर ते तिथे कधी आले नाहीत.

आमचा हाफबॅक बरा निघाला. फार चांगला नाही, फार वाईट नाही. काकांच्या जागेवर आम्ही काही दिवस कोणी बसत नव्हतो, मग बसू लागलो.

वर्ष-दीड वर्षाने मी रजेवर घरी असताना वसईच्या पोस्टात मनिऑर्डर करायला गेलो. खिडकीआड एक उंच, हडकुळा मुलगा बसला होता. पावतीवर त्याची सही पाहिली आणि मी विचारलं, सांडोरचा पास्कू तूच का? तो हो म्हणाला. गिऱ्हाईक कमी होतं. मी उगाच काकांचा विषय काढला, अजूनही काहीतरी हाती लागेल अशा आशेने. माझा संशय तेव्हाही पुरता गेलेला नव्हता, हे कबूल करतो.

पास्कू हसला. त्याने सांगितलं ते असं. एक दिवस हे अनोळखी गृहस्थ त्यांच्या दारात आले आणि त्याच्या आईला विचारू लागले, मुलाला खेळायला कोण पाठवतं, त्याच्या मागे कोण आहे, त्याचं नाव कोण पुढे करतं. आईला मुलगा फुटबॉल खेळतो हेच ठाऊक नव्हतं. तो संध्याकाळी कॉलेजात अभ्यासाला थांबतो, असं त्याने तिला सांगितलं होतं. त्या दिवशी पास्कूला चांगला प्रसाद मिळाला आणि खेळ बंद झाला. चार दिवसांनी तेच गृहस्थ खांद्यावर घड घेऊन पुन्हा आले. अंगणात बसून राहिले. आपल्यामुळे मुलाचा खेळ सुटला म्हणून त्यांनी आईची माफी मागितली आणि त्याला खेळू द्या, यातून नोकरी मिळेल, असं सांगितलं.

"आई ऐकायला तयार नव्हती," पास्कू म्हणाला. "मग ते बोलले, नावं ठरवनारी मानसं माजी हायेत, माजा शब्द टाकनार नाय. तेव्हा ती हो म्हणाली. पुढे खूप दिवस ती विचारायची, गिरणीचं पत्र आलं का?"

त्याचा माझ्यावर राग नव्हता, कारण मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. आणि मीही त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या वाडीत गेलो. ते रहाटाच्या बैलामागून चालत होते. मला पाहून त्यांनी बैल थांबवला. मी पोस्टातली सगळी हकीकत सांगितली, आम्ही चुकलो असं म्हटलं, आणि नाव खोडणारा हात माझाच होता हेही म्हटलं, जसं काही त्यांनी ते पाहिलं नव्हतं. त्यांनी रागवावं असं मला मनापासून वाटत होतं.

"तुमी बरोबर केलंत," ते म्हणाले. "तुमच्या जागेवर मी असतो तर मी पन खोडलं असतं."

पाण्याच्या पाटाशी बसून त्यांनी हातपाय धुतले. मग विचारलं, "खेळतो का तो?"

"नाही."

"बिलकूल नाय?"

"पोस्टातून वेळ मिळत नाही म्हणाला."

"नोकरी लागली ते बरं झालं," ते म्हणाले. "त्याच्या आईला मात्र मी उगाच तुमच्या भरवशावर बोललो."

मग ते उठले आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून पुन्हा त्याच्यामागून चालू लागले. मी थोडा वेळ उभा राहिलो. फेरी पूर्ण करून ते माझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. मी परळला होतो, मला रविवारी घरी आल्यावर कळलं, आणि त्यांना पोचवायला पास्कू होता असं इनासने सांगितलं.