पाटी बदललेली गाडी

मला राग आला की तो आधी हातात येतो, डोक्यात मागाहून. लहानपणापासून हे असंच आहे. आमची आई म्हणायची, "या पोट्टीचा हात तोंडाच्या आधी चालते." गणिताची शिक्षिका झाले, पन्नाशीला आले, तरी त्यात काडीचा फरक पडला नाही. अमरावतीत मी तीसेक वर्षं सायकल चालवतेय, आणि इथल्या निम्म्या बस ड्रायव्हरांशी माझं भांडण झालेलं आहे.

राजापेठेत एकानं मला दुभाजकाला दाबत नेलं, तेव्हा पुढच्या सिग्नलला मी त्याच्या दारावर लाथा घातल्या. दुसऱ्यानं खिडकीतून पिचकारी मारली, ती माझ्या साडीवर. मी माझी पाण्याची बाटली त्याच्या तोंडावर रिकामी केली. एक तर खाली उतरला, माझी सायकल उचलून रस्त्यावर आपटली आणि म्हणाला, "घरी बस ना! कायले मरायले येते वं रस्त्यावर?" त्याच्या बोटाला मी चावले. हसू नका, खरंच चावले, रक्त येईपर्यंत. स्टँडवर ते मला 'चावरी बाई' म्हणतात, हे मला पुढं कळलं.

मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिला मी आकाशी रंगाची सायकल घेऊन दिली आणि सोबत एकच धडा दिला. "मागून बस कितीही बोंबलली तरी कडेला सरकायचं नाही. रस्ता काही त्याच्या बापाचा नाही." बाकीचे माझे धडे ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची. हा मात्र तिनं मन लावून पाळला.

वलगाव रोडवर, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, चांदूर बाजारहून येणारी बस तिच्या मागं आली. हॉर्न वाजत राहिला. पोरगी सरकली नाही. बसनं तिला बाजूनं घासलं, ती रस्त्यावर फेकली गेली आणि मागचं चाक तिच्या सायकलवरून गेलं. बस थांबली नाही. तिथल्या चहावाल्यानं गाडीचा नंबर पाहून ठेवला, पोरीला ऑटोत घातलं आणि तिच्याच मोबाइलवरून मला शाळेत फोन केला, तेव्हा नंबरही सांगितला.

दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या अर्ध्या चेहऱ्याची साल निघालेली होती. डोळ्याखाली खडी रुतून बसली होती आणि नर्स ती चिमट्यानं काढत होती. मनगट मोडलं होतं, खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला मार नाही, नशीब समजा." तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, मी सरकली नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचे बाबा तेवढ्यात आले. त्यांना म्हटलं, बसा इथं, मी औषध घेऊन येते. बाहेर आले, माझ्या सायकलला अडकवलेला हवा भरायचा पंप काढला. जुना, लोखंडी, खाली पाय द्यायला आडवा दांडा असलेला. स्टँड तिथून पाच मिनिटांवर होतं.

नंबर तोच होता. उजेडात पत्र्यावर आकाशी रंगाचा लांब ओरखडा दिसत होता. पुढच्या काचेमागं पाटी मात्र 'अकोला' अशी लागली होती, प्रवासी चढून बसले होते, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगला हात लावून पाया पडत होता. चाळिशीचा, बारीक मिशीचा माणूस. मी दार उघडलं आणि त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढला.

"माही पोट्टी चिरडून आला अन् पाया पडते का बे?"

तो गुडघ्यावर पडला. पहिला पंप मी खांद्यावर घातला, दुसरा कानावर. त्यानं हात वर केले तर बोटांवर घातला. त्यानं ना मला ढकललं, ना शिवी दिली. माझा राग त्यानं आणखीच वाढला. निदान भांड ना रे माणसा! लोक गोळा झाले. "काय झालं, काय झालं?" "पोरीले उडवलं यानं!" बस्स, एवढं पुरलं. ज्यांना मी ओळखत नव्हते, ज्यांनी माझ्या पोरीला पाहिलंसुद्धा नव्हतं, ते त्याच्या पोटात लाथा मारायला लागले. एकानं कमरेचा पट्टा काढला. एक म्हातारी पिशवीनं मारत होती, पिशवीत बहुतेक नारळ होता. चारपाच जण मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. कोणी तरी ओरडलं, "बाईले मारू द्या, बाईले जागा द्या!" आणि गर्दीनं मला जागा करून दिली.

तो डांबरावर कुशीवर पडला होता. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. त्यानं मोडलेल्या बोटांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटला. मी वाकले.

"पोट्टी जित्ती हाये का जी?"

मला वाटलं, हा अंदाज घेतोय. मेली असेल तर किती अडकेन, जगली असेल तर किती सुटेन, याचा हिशेब लावतोय मेला. मी पंप उलटा धरला आणि दोन्ही हातांनी हाणला. खालचा आडवा दांडा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. त्यानंतर तो जो ओरडला, त्यानं मारणारे लोकही मागं सरकले.

पोलीस आले, त्याला उचलून घेऊन गेले. मला हवालदार म्हणाला, "बाई, तुमी पोरीपाशी जा." मी गेले. तिच्या उशाशी बसले आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. आत थंडावा होता.

दुसऱ्या दिवशी माझा व्हिडिओ सगळीकडं. 'बाईनं ड्रायव्हरले धुतला.' शाळेतल्या बायका म्हणाल्या, "वा बाई, झकास केलं!" भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली. स्टाफरूममध्ये तर शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचं चाललं होतं. पलीकडून फक्त एक बातमी आली, ती म्हणजे त्या माणसाचा डोळा वाचला नाही. त्यानं माझ्याविरुद्ध तक्रारही केली नाही. पोलिसांना म्हणाला, गर्दीत पडलो. मी म्हटलं, करेल कशी? चोराच्या मनात चांदणं.

पाचव्या दिवशी पोरगी घरी आली. तिनं मोबाइल मागितला, व्हिडिओ पाहिला, पुन्हा मागं नेऊन पाहिला. मग म्हणाली, "आई, हा नाही तो."

"कोण नाही?"

"तो म्हातारा होता. पांढऱ्या दाढीचा. गाडी घासली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं. हा माणूस मी कधी पाहिलाच नाही."

इथली शाळा मिळायच्या आधी मी पंधरा वर्षं त्याच स्टँडवरून नोकरीसाठी नांदगाव खंडेश्वरला जाऊन-येऊन केलंय. गाडी स्टँडला लागते, आणणारा ड्रायव्हर उतरतो, पाटी बदलते, दुसरा ड्रायव्हर चढतो आणि तीच गाडी दुसऱ्या गावाला निघते. शेकडो वेळा हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. त्या दिवशी बदललेली पाटी मी वाचलीसुद्धा होती. नंबर जुळवला, रंग जुळवला, माणूस तेवढा जुळवायचा राहिला. आणि मी म्हणे गणित शिकवते!

मी ठाण्यात गेले, जे झालं ते सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, त्याची तक्रारच नाही, घरी जा. पांढऱ्या दाढीवाला पुढं सापडला, त्याच्यावर रीतसर केस आहे, ती चालेल तशी चालेल. ज्याचा मी डोळा फोडला, त्याचा पत्ता काढला. तो अकोल्याला जुन्या शहरात राहत होता.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. व्हिडिओत पाहिलेला चेहरा तिला ओळखायला वेळ लागला नाही. पायातली चप्पल काढून तिनं माझ्या तोंडावर मारली. "आता दुसरा काढायले आली का वं?" दुसरी कानाखाली बसली. मी हात बांधून उभी राहिले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा हात उठला नाही. तिसरी त्यानं आतून हाक मारून थांबवली.

तो खाटेवर बसला होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, दोन बोटं बांधलेली. मी त्याच्या पायाशी खाली बसले आणि म्हटलं, "माझी चूक झाली. माझ्या पोरीला उडवणारा दुसराच होता. तुम्ही बोलला का नाहीत? एकदा तरी म्हणायचं, मी नाही!"

त्यानं दाराकडं पाहिलं. मग बायकोला म्हणाला, पाणी आण. ती गेल्यावर हळू आवाजात बोलायला लागला.

"त्या दिवशी सकाळीच मी तेल्हाऱ्याहून गाडी घेऊन निंघालो होतो, अमरावतीले. गाव सुटल्यावर लगेच पऱ्हाटीच्या वावरापाशी एक पोट्टी सायकलवर चालली होती, शाळेच्या ड्रेसात. पुढून ट्रॅक्टर आला, मी गाडी कडेले दाबली. आरशात पाह्यलं तं सायकल दिसे, पोट्टी दिसे ना. थांबू का म्हटलं, तं मागचे प्रवासी बोंबलले, चाल ना, उशीर होते. अन् थांबलो असतो तं गावानं मले फाडलं असतं, हेही मनात आलंच. नाही थांबलो जी."

मी बसल्या जागी जरा मागं सरकले.

"मंग तुमी 'माही पोट्टी' म्हणत आल्या. मले वाटलं, हे तिचीच माय. एवढ्या दूर इतक्या लवकर कशी पोचली, असंही वाटलं. पण मार तं माह्याच नावाचा होता ना! म्हून म्हटलं, मारू द्या. फक्त इचारलं, का जित्ती हाये का."

त्या प्रश्नावर मी त्याचा डोळा फोडला होता.

"मग कळलं का तिचं?" मी विचारलं.

"कोणाले इचारू? इचारलं का मीच होतो हे समजते. घरीबी सांगतलं नाही. रोज रात्री आरसा दिसते." त्यानं माझा हात धरला. ज्या हातानं मी मारलं होतं तोच. "बाई, तुमी पाहून येसान का? मेली असन तं तसं सांगा, पण सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तेल्हाऱ्याच्या गाडीत बसले. तेल्हारा अजून थोडं पुढं होतं, तोच गाडी करकचून थांबली. रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती, हातात बैलगाडीची उभारी, पुरुषभर उंचीचा जाड दांडा. ती दारातून चढली, थेट ड्रायव्हरच्या तोंडापाशी तोंड नेऊन त्याला न्याहाळलं, आणि "हा नोहे" म्हणून उतरली. ड्रायव्हर पुटपुटला, "रोजचं झालं हिचं. परवा एकाची काच फोडली." मी तिच्या मागोमाग उतरले.

"जिच्या पोरीला बसनं उडवलं, तीच तू?" मी विचारलं.

"तुमी कोण जी?"

"आधी सांग, पोरगी कशी आहे?"

"बारा टाके पडले डोक्यात. घरी बसली हाये." माझा जीव भांड्यात पडला. ती पुढं सरकली. "त्याचं काही मालूम हाये का तुमाले?"

"आहे. त्याचा डोळा गेला. मी फोडला."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"एकच?" ती म्हणाली.

 स्टँडवर माझा आवाज असाच आला असणार. "कोठी राह्यते तो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सांगणार नाही. तिनं उभारी उचलली, अगदी माझ्या डोक्यावर. म्हणाली, "सांग, नाही तं तुहंच डोस्कं फोडतो." मी डोळे मिटले. काय बोलले ते धड आठवत नाही. माझ्या पोरीचं सांगितलं, पाटी बदलल्याचं सांगितलं, मार खाताना तो काय विचारत होता ते सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग उभारी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"माह्या पोट्टीचं इचारे?" ती म्हणाली.

"तिचंच."

ती मला घरी घेऊन गेली. ओट्यावर डोक्याला पट्टी बांधलेली एक काडीसारखी पोर सायकलचं वाकडं चाक मांडीवर घेऊन तारा मोजत बसली होती. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"आहे," मी म्हटलं. "जित्ती आहे. माझ्यासमोर बसली आहे."

 त्यानं विचारलं, "हातपाय?"

"सगळं जागेवर आहे."

 तो रडत होता, ते मला ऐकू येत होतं. नाक ओढून तो म्हणाला, "अन् बाई, तुमची पोट्टी कशी हाये जी? मी तुमाले हिचीच माय समजत होतो, तं तुमच्या पोट्टीचं इचाराचंच राह्यलं."

मी त्या ओट्यावर मटकन बसले आणि हंबरडा फोडला. 'बरी आहे' एवढंच त्याला सांगायचं होतं, तेही मला सांगता येईना.