सेलवाले मामांचे आठ निळे सेल

सेलवाले मामा बॅटरी बसवायला कुणाकडे गेले, की मीटर, वायरिंग, छत यांतलं काहीच आधी पाहत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "घरात माणूस कोठी झोपते?" आमच्या ढाणकीच्या घरी त्यांनी दारातच हे विचारलं, तेव्हा मी यादी हातात घेऊन उभी होते. अकरा रकान्यांची यादी होती, पण या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता.

बॅटरी हवी होती ती बाबांसाठी. माझ्या वडिलांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली आणि तिथली धूळ त्यांच्या फुप्फुसात राहिली. आता हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र दिवसभर पलंगाशेजारी चालू असे. वीज गेली की यंत्र बंद. मग मी शाळेतून निघून धावत घरी येई आणि छोटा सिलिंडर जोडी. मी मुख्याध्यापिका, महिन्यातून इतक्यांदा धावत सुटणारी मुख्याध्यापिका गावाने पाहिली नव्हती.

छतावर सोलर होतं. प्रश्न होता साठवायचा. मी तीन दुकानं पालथी घातली, फोनवर व्हिडिओ पाहिले, आणि जितकं पाहिलं तितकी गोंधळले. एक म्हणे पाण्याची बॅटरीच खरी. दुसरा म्हणे लिथियम घ्या, त्यातही स्कूटरमधून निघालेले सेल हलके आणि स्वस्त. तिसऱ्याने लिथियम आयर्न फॉस्फेट असं लांबलचक नाव सांगितलं, आणि त्यातही एक नंबरचा माल, दोन नंबरचा माल, स्टिकर खरं, स्टिकर खोटं. मी सगळं लिहून घेतलं. यादी पूर्ण झाली आणि निर्णय मात्र होईना. उमरखेडला बसस्टँडमागे ज्यांचं छोटं दुकान होतं, त्या मामांना मग मी बोलावून घेतलं.

त्यांनी यादी वाचलीच नाही. बाबांच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढून बसले. चहा आला, गेला. मामा बंजारा, म्हणून बाबांनी तांडा कोणता ते विचारून घेतलं आणि त्या क्षणापासून त्यांना तांड्याच्या प्रमुखासारखं नायक म्हणायला सुरुवात केली. "नायक, तुमचे आजे बैलावर मीठ वाहत होते, तुमी मोटरसायकलवर बॅटऱ्या वाहून राह्यले. धंदा काही बदलला नाही," बाबा म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "बैल रस्त्यात चरत होते, दादा. हिचा चारा छतावरून आणा लागते." बाबा हसले आणि हसण्याने त्यांना खोकला आला. मामा खोकला थांबेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या यादीतल्या दोन रकान्यांवर नखाने रेघ मारली. पाण्याची बॅटरी चार्ज होताना गॅस सोडते, ती या खोलीत नको. स्कूटरचे सेल तापले आणि पेटले तर आवरत नाहीत, आणि इथे शेजारी ऑक्सिजन. राहिलं ते लांब नाव. "हे जड हाय, महाग हाय, पण डोक्यानं थंड हाय. आपल्याकडचा मे महिना याले पाहा लागते," ते म्हणाले. मी विचारलं, मग बाकीचे आठ रकाने? त्यांनी ते माझे मला ठेवायला सांगितले.

सेल आले तेव्हा मला वाटलं, दुपारी जोडतील, संध्याकाळी मी यादीवर खूण करीन. मामांनी आठही निळे सेल जमिनीवर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या पोटाला लोखंडी पट्टी लावून फुगवटा पाहिला, प्रत्येकाचं व्होल्टेज खडूने त्याच्यासमोर फरशीवर लिहिलं, आणि ते उठून निघून गेले. चार दिवसांनी येऊन पुन्हा मोजलं. सहावा सेल थोडा उतरला होता. माझ्या डोळ्यांना तो फरक फरक वाटेना, पण मामांनी तो बदलून आणला आणि पुन्हा चार दिवस थांबले. त्या दिवसांत दोनदा वीज गेली, मी दोनदा धावले, आणि त्यांच्यावर चिडलेही. ते म्हणाले, "आठ जण एका रांगेत चालते, बाई. एक बसला का आठही बसते. मंग दादाले काय सांगू, सात चांगले होते म्हणून?"

बॅटरी बसली. मी वही उघडली: दर दोन तासांनी बॅटरीचं व्होल्टेज, शेजारी बाबांच्या बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा. मी शाळेत असले की शेजारच्या वहिनी लिहीत. दोन्ही आकडे इतके शहाण्यासारखे एका जागी राहिले, की वही पाहूनच मला बरं वाटे.

श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही आणि खांब पडून वीजही गेली. मी आकडे पाहत होते. सव्वीस पूर्णांक दोन. दोन तासांनी सव्वीस पूर्णांक एक. "ठीक" असं लिहून मी स्वयंपाकघरात गेले आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं बंद पडलं. मी धावत जाऊन सिलिंडर जोडला. मामांना फोन केला, आणि माझ्या बोलण्यात जरा धारच होती. रात्री वीज आली. दुसऱ्या दिवशी ते आले, वही पाहिली, आणि पहिल्यांदाच कपाळाला हात लावला. चूक आपलीच, आपण सांगायला विसरलो, असं म्हणाले. हा सेल भरलेला असो की संपत आलेला, त्याचा आकडा जवळजवळ तोच दिसतो, आणि मग एकदम कोसळतो. पाण्याची बॅटरी निदान कुरकुरते. "हा उपाशी हाय म्हणून सांगत नाही, बाई. यानं किती देल्लं थे मोजा लागते." त्यांनी वापरलेली वीज मोजणारा छोटा मीटर स्वतःहून लावून दिला. मला पटलं, पण समजलं असं म्हणवत नाही. जो आकडा दिसतो तो पाहायचा नाही, हे माझ्यासारख्या बाईला कसं समजावं?

दिवाळीनंतर मामा सेलचे नट आवळायला आले. ही त्यांची सवय. कुणी बोलावलं नाही तरी येत. नेहमीप्रमाणे आधी बाबांजवळ बसले. मी वही नेऊन दाखवली: बॅटरी उत्तम, बाबा ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव. मामांनी वही मिटून ठेवली. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"आकडा बरोबर हाय. माणूस बरोबर नाही."

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आहे, त्याच्या खाली गेला तर न्यायचं आहे. ते म्हणाले, "दादानं आज मले नायक म्हटलं नाही. दोनदा बोलता बोलता डोळा लागला. चहा तसाच हाय." मला राग आला. बॅटरी जोडणारा माणूस मला माझ्या वडिलांबद्दल सांगत होता आणि माझ्याकडे तीन महिन्यांची वही होती. पण त्यांनी तोवर चौकातून गाडी बोलावली होती.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बोटावरचं यंत्र ऑक्सिजन दाखवतं. आत दुसरा वायू, कार्बन डायऑक्साइड, साठत गेला तर तो त्या यंत्राला दिसत नाही. गुंगी त्याचीच. अकरा दिवसांनी बाबा घरी आले. मामा पेढे घेऊन आले, आणि बाबांनी तांड्यावरच्या पेढ्यांत साखर कमी असते अशी तक्रार करत तीन खाल्ले. त्यानंतर मी वहीत तिसरा रकाना आखला, "काय बोलले". त्यात काय लिहायचं ते मला रोज कळत नसे. काही दिवशी नुसतं "भांडले" असं लिहून मी समाधानाने शाळेत जाई.

बाबा एप्रिलमध्ये गेले. दुपारची वेळ होती, वीज होती, यंत्र चालू होतं, आकडा चांगला होता आणि जेवताना ते भाजीवरून बोललेही होते. तिन्ही रकाने भरलेले होते. मी ती पानं कितीदा उलटून पाहिली, कुठे चुकलं ते सापडत नाही.

तेरवी झाल्यावर मामा आले. यंत्र आम्ही उमरखेडच्या एका कुटुंबाला देऊन टाकलं होतं. बॅटरी तशीच भिंतीशी, रोज उन्हाने भरलेली. त्यांनी तिच्या डब्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहिली. अशी काठोकाठ भरून, उन्हाळ्यात, बिनकामाची ठेवली तर ही आतून खराब होते, म्हणाले. अर्धी करून ठेवायला हवी, आणि अधूनमधून पुन्हा भरायला हवी. त्यांनी छतावरून येणारी लाइन बंद केली आणि त्या खोलीतलं जे चालू होईल ते चालू केलं. कूलर, पंखा, भर दुपारी दोन्ही ट्यूबलाइट, आवाज बंद करून टीव्ही. मग आम्ही दोघं बसलो. ती अर्धी व्हायला तीन-साडेतीन तास लागणार होते.

टीव्हीवर माणसं तोंडं हलवत होती. मग मी त्यांना विचारलं, की मी काय पाहायला हवं होतं जे पाहिलं नाही.

"सगळं पाह्यलं तुमी," ते म्हणाले. "पाहता पाहता बी माणूस जाते, बाई."

मीटरवर निम्मं आलं तसे मामा उठले. एकेक करून सगळं बंद केलं, कूलर शेवटी. बॅटरीचं बटण माझ्या हाताने दाबून घेतलं. चहा नको म्हणाले, उमरखेडची गाडी होती. मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले.

पावसाळ्यानंतर त्यांच्या सुनेचा फोन आला, मामा गेल्याचं सांगायला. दोन दिवसांचा ताप, एवढंच. मी तांड्यावर जाऊन आले. त्यांच्या दुकानाला कुलूप आहे. दुसरे दुकानदार सांगतात ते एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी म्हणतं तीन महिन्यांनी, कुणी म्हणतं सहा. बॅटरी अजून बाबांच्या खोलीत आहे, अर्धी. ती पुन्हा कधी भरायची, हे त्या दिवशी मी मामांना विचारलंच नाही.