पुढं केलेलं ताट

रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये प्रीतिभोजन होतं. वाढणारी बाई एका म्हातारीवर सगळ्यांसमोर खेकसली, "मावशी, किती वेळा रांगेत येता? लाज नाही वाटत?" म्हातारी भांडली नाही, निघूनही गेली नाही. तिनं ताट पुन्हा पुढं केलं आणि बाईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. शेवटी बाईनंच मान खाली घालून भात वाढला.

बायबलात लिहिलंय, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा. चर्चचे पाळक उपदेशात याचा अर्थ सांगतात, सोसा, गप्प बसा. मला ते पटत नाही. मी चौथी शिकलेला, पण घाबरलेला माणूस तोंड लपवतो, पुढं करत नाही, एवढं मला कळतं.

माझी बायको रूथ त्या म्हातारीसारखीच होती. एकदा चिडून मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही, माहेरीही गेली नाही. समोर उभी राहून म्हणाली, "अजून मारायचंय? मारा. पण माझ्याकडं बघून मारा." माझा हात उठला नाही. परत कधीच उठला नाही.

तिला देवाघरी जाऊन आठ महिने झाले. त्या थपडेची माफी मी कधी मागितली नाही. मला वाटायचं, तिनं केव्हाच केलं असेल माफ. आता घरात विचारायला कुणी नाही.