वरवंट्याचं बाळ

आमच्या आत्याचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध उतू गेलं तर ते कुणीतरी मुद्दाम जाऊ दिलं, कोंबडीनं अंडं घातलं नाही तर ते कुणीतरी आधीच उचललं, असंच तिला वाटायचं. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि घर तिच्या ताब्यात गेलं. बाबा आणि काका मुंबईला गिरणीत. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमच्या घरात राहिलो आम्ही चौघी: आत्या, आई, काकी आणि सहा वर्षांची मी. आत्याला नावं ठेवते खरी, पण तिचा तो डोळा माझ्यातही उतरलाय. आजही दुधावरचं झाकण जरा सरकलेलं दिसलं की मी आधी सुनांकडे बघते.

मला भाऊ झाला आणि बाराव्या दिवशी बारसं झालं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला. बायकांनी वरवंटा धुतला, त्याला कुंची घातली, कुंकू लावलं, आणि दोघी समोरासमोर बसून तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देऊ लागल्या. दगडाला बाळ म्हणत होत्या! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. खरं बाळ तर कुणी मला हातात देत नव्हतं. जवळ गेले की आत्या ओरडायची, "लांब हो, शेणाचं हात हायत तुझं." आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर आत्या त्याच कुंचीतल्या बाळानं पाट्यावर मिरच्या वाटत होती. मला रडूच फुटलं.

न्हाणीच्या मागे एक जुना, टोकं झिजलेला वरवंटा पडला होता. तो मी उचलला, गोठ्यात नेला आणि पेंढ्यात निजवला. आईच्या फाटक्या लुगड्याची कुंची केली, तिच्या डबीतलं काजळ लावलं, कुंकू लावलं. भावाच्या मनगटाचा काळा दोरा तेल लावताना सुटून पडला होता. तो मला अंथरुणात सापडला, मी लपवून आणला. आत्याला कळलं असतं तर तिनं माझी पाठ मऊ केली असती.

माझ्या हातांना गाठ येईना. गुरांना पेंढा घालायला काकी आली आणि मी चोरासारखी दगडावर पडले. काकीनं मला बाजूला केलं, बघितलं आणि हसली. "बाळाला दोरा नाय बांधला? नजर लागंल गो." तिनं दगडाच्या मधोमध दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली.

मग ती रोज दुपारी यायची. आत्याचा डोळा लागला की गोठ्याचं दार हळूच वाजायचं. मी करवंटीत बाळाचा भात आणायची, जेवणातला चोरलेला, हळद घालून पिवळा केलेला आणि गूळ चुरलेला. बारशाला साखरभात झाला होता ना, तसा. काकी दगड मांडीवर घ्यायची, मांडी हलवायची, थोपटायची. काकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. ही गोष्ट आमच्याकडे पाणी भरताना, भाजी चिरताना, तिच्यासमोरच बोलली जायची.

आठवडाभरानं मला काकीचा संशय यायला लागला. ती बाळ माझ्याकडे परत देताना जरा वेळ लावायची. एकदा मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांब, आत्ताच निजलाय." माझं बाळ आणि मलाच थांब? ही माझं बाळ घेणार, असं माझ्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी मी दगड गव्हाणीमागे लपवला. काकी आली, पेंढा चाचपला आणि माझ्याकडे बघत राहिली. "कुठं गेला गो बाळ?" मी म्हटलं, "मामाकडं." ती गुरांपुढे पेंढा टाकून गेली. मला फार बरं वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी भावाला ताप भरला. तो दूध ओढेना. आत्यानं त्याचं अंग चाचपलं आणि तिला मनगट मोकळं दिसलं. "दोरा कुठं गेला?" झालं! तिनं सगळं घर उपसलं, मग गोठा. थोड्या वेळानं ती गोठ्यातून नुसती किंचाळली.

आम्ही धावलो. आत्या काठीनं दाखवत होती, हात लावायची तिची छाती नव्हती. गव्हाणीमागे बाळंतिणीच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला दगड, त्याला काजळ-कुंकू, पोटाला तापलेल्या पोराचा काळा दोरा, आणि पुढ्यात करवंटीत पिवळा भात.

"करणी," आत्या म्हणाली. "घरातल्याच मेलीनं केलीय."

तिनं काकीकडे बघितलं. मग आईनं बघितलं. काकी माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर मार मला पडला असता, एवढंच. मी सांगेन म्हणून ती वाट बघत होती, असं मला आता वाटतं.

आत्यानं माझा दंड धरला. "तू सारखी हतं खेळतीस. खरं सांग, ह्यो दोरा कोनी बांधला?"

मी म्हटलं, "काकीनं."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

आत्यानं दगड काठीनं ढकलत ढकलत घरामागच्या पऱ्यात, ओढ्याच्या पाण्यात लोटला. नाते गावाला, काकीच्या भावाकडे निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तो आला, आत्यानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. काकी बोचकं घेऊन निघाली. मी पडवीच्या खांबाला चिकटून उभी होते. ती माझ्यापाशी वाकली. मला वाटलं, आता मारणार.

"बाळ पऱ्यात हाय," ती कानात म्हणाली. "गारठंल गो. काढून आण."

मी गेले नाही.

त्याच संध्याकाळी भावाचा ताप उतरला. मग काय, आत्याचंच खरं ठरलं. वर्षाच्या आत काकांनी दुसरं लग्न केलं आणि काकीचं नाव घरात निघेनासं झालं.

पुढं मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. आत्या तोवर गेली होती. बारशाच्या सकाळी आई वरवंट्याला कुंची घालत होती. ते बघून माझ्यानं राहवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं, कुंची, दोरा, काकीची गाठ. मला वाटलं, आई हबकेल.

आईनं कुंचीची नाडी नीट केली. "ठाव हाय मला. त्या भाताला मुंग्या लागल्या व्हत्या. करणीच्या भातात गूळ कोन घालतं गो?"

मी ताडकन उठले. काकीचे ते डोळे, तिचं ते बोचकं, सगळं समोर आलं. "आई! तुला कळलं होतं? मग तू बोलली का नाहीस?"

तिनं कुंकवाचं बोट दगडाला टेकवलं आणि मान वर केली.

"मांडीवर पोर तापानं फणफणत व्हता, मी भ्याले. आनि तू?" ती म्हणाली. "तुझ्या मांडीवर तर दगड व्हता."